राकीम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा भाचा रॅप लिहितो. त्याचे दोस्त रविवारी ताईच्या घरी जमतात, बीट (रॅपमागचा ठेका) लावतात, वह्या उघडतात, आणि मधूनच कुणीतरी विचारतं, "मामा, तुम्ही सारखं राकीम राकीम करता, तो आहे कोण?" ताई चहाचा ट्रे ठेवता ठेवता तिचाही प्रश्न टाकते, "ह्यात गाणं कुठंय?" दोन्ही बाजूंना तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली. प्रश्नांचा क्रम फारसा मनावर घेऊ नका.

राकीम म्हणजे नक्की कोण?

अमेरिकी रॅपर. खरं नाव विल्यम मायकल ग्रिफिन ज्युनिअर. जन्म २८ जानेवारी १९६८, न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंडवर वायनडँच नावाच्या गावात वाढलेला. गाव लक्षात ठेवा. हिप-हॉप, म्हणजे रॅप ज्यातून आलं ते संगीत, जन्मलं ते न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात. ११ ऑगस्ट १९७३ ला सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, तिथून मोजणी सुरू होते. राकीम त्या गल्ल्यांतला नव्हे. तो लांबच्या उपनगरातून आला, म्हणजे आपल्याकडे दादर-गिरगावच्या मैफलीत बदलापूरचा पोरगा शिरावा तसा. घरात गाणं मुरलेलं होतं. १९५० च्या दशकात गाजलेली गायिका रूथ ब्राउन त्याच्या नात्यातली. स्वतः शाळेत सॅक्सोफोन वाजवायचा, अमेरिकी फुटबॉल खेळायचा, आणि खेळाच्याच जोरावर कॉलेजात जायचा बेत होता.

तो बेत बारगळला, कारण १९८६ साली एरिक बी. या डीजेबरोबर त्याची पहिली रेकॉर्ड आली. एका बाजूला 'एरिक बी. इज प्रेसिडेंट', दुसऱ्या बाजूला 'माय मेलडी'. पुढच्या वर्षी ७ जुलैला 'पेड इन फुल' हा अल्बम. तेव्हा राकीमचं वय १९. त्यानंतर १९८८, १९९० आणि १९९२ असे आणखी तीन अल्बम करून जोडी फुटली. सगळा मिळून सहा-सात वर्षांचा संसार.

रॅप त्याच्या आधीही होतंच की. मग याने नवीन काय केलं?

हा खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर मी उखाण्यापासून सुरू करतो.

उखाणा कसा चालतो? दोन ओळी, दोन्हींच्या शेवटी यमक, आणि यमक येणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक. पहिली ओळ 'वाटी'ने संपली की दुसरीत कुणाची तरी 'गाठी' येणार. मजा असते ती नाव कसं गुंफलं यात. सुरुवातीचं रॅप बरंचसं असंच होतं. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' गाजलं, पुढे रन-डीएमसी आले, त्या सगळ्यांत ओळ संपते तिथे यमक धाडकन पडतं आणि श्रोते ते शेवटचं अक्षर एका सुरात ओरडतात. पार्टीचं संगीत होतं, त्याला ते शोभूनच दिसायचं. आशयाच्या बाजूने १९८२ च्या 'द मेसेज'मध्ये मेली मेलने फार मोठी उडी मारली होती. पण ओळीची बांधणी तशीच राहिली, दोन दोन ओळींची जोडी.

राकीमने यमक ओळीच्या शेवटावरून उचललं आणि ओळीच्या पोटात पेरलं. एक सोडून तीन-तीन, चार-चार. शिवाय एका अक्षराचं यमक न जुळवता दोन-तीन अक्षरांचे गट जुळवले. आणि तिसरी गोष्ट, जी ऐकताना लगेच कळत नाही : वाक्य ओळीबरोबर संपवायचं नाही. ओळ संपते, ठोका पडतो, आणि वाक्य तसंच पुढच्या ओळीत घसरत जातं.

भाच्याला समजावताना मी एकदा दोन नमुने लिहिले होते. कविता म्हणून दोन्ही भिकार आहेत, पण काम भागतं. पहिला जुन्या पद्धतीचा :

सकाळी उठलो, स्टेशनवर गेलो,
गर्दीत शिरलो, घामाघूम झालो.

आणि दुसरा राकीमच्या वळणाचा :

आठची लोकल, पाठीला सॅक, गाठीला पैसा नाही पण
ताठच मान, काठावर उभा मी, वाट बघत, दाट
गर्दीत कुणाचा हात लागला…

दुसरा मोठ्यांदा म्हणून पाहा. 'आठ, पाठी, गाठी, ताठ, काठ' ही साखळी ओळीत कुठेही येते, शेवटाची वाट पाहत नाही. 'पण' आणि 'दाट' या शब्दांवर ओळ तुटते, पण बोलणं तुटत नाही. श्रोत्याला पुढचं यमक कुठे येईल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून तो कान देऊन ऐकतो. १९८६-८७ मध्ये इतर रॅपरांनी हे ऐकलं आणि रात्रीतून आपल्या वह्या जुन्या झाल्याचं त्यांना कळलं. त्याच सुमारास बिग डॅडी केन, कूल जी रॅप आणि केआरएस-वन हेही याच दिशेने झपाट्याने चालले होते, एकट्या राकीमच्या नावावर सगळं लिहिणं अन्यायाचं होईल. पण वाट पहिल्यांदा स्पष्ट दिसली ती त्याच्या रेकॉर्डीत.

मराठीत लिहिणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

इंग्रजीत लिहिणाऱ्यापेक्षा जास्त, असं माझं मत आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे शेवटचं यमक आपल्याला फुकटात मिळतं : आलो, गेलो, झालो, न्हालो. केलं, गेलं, मेलं. कष्टच नाहीत! म्हणून तर निवडणुकीच्या रिक्षावर लावलेलं रॅप आणि बारशाचं रॅप सारखंच ऐकू येतं. ज्याला मराठीत खरं लिहायचं आहे त्याने क्रियापद शेवटून हलवायला शिकलं पाहिजे, आणि यमक नामांत, विशेषणांत, क्रियाविशेषणांत शोधलं पाहिजे. भाच्याला मी एक महिनाभर नियम घालून दिला होता : ओळ 'लो' किंवा 'लं'वर संपली तर दहा रुपये दंड. पहिल्या आठवड्यात त्याने एकशे चाळीस रुपये दिले. त्या पैशांचे वडापाव आले.

नुसती यमकं जुळवणं म्हणजे काय मोठी कला? (हा ताईचा प्रश्न)

ताई, तू शाळेत 'सुश्लोक वामनाचा' घोकलंस ना? त्या वामन पंडिताला लोक 'यमक्या वामन' म्हणायचे. त्या नावात कौतुक किती आणि चिमटा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मोरोपंतांच्या आर्यांमध्ये अंतर्यमकं अशी ठासून भरलेली असतात की एकेकदा अर्थाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. म्हणजे हा वाद आपल्याकडे तीनशे वर्षं जुना आहे : कारागिरी कुठे संपते आणि कविता कुठे सुरू होते? राकीमवरही तोच आरोप होतो की तो आपल्याच कौशल्याबद्दल फार बोलतो. खरं आहे. त्याच्या निम्म्याहून अधिक गाण्यांचा विषय 'मी किती चांगलं लिहितो' हाच आहे. 'मायक्रोफोन फीन्ड' हे १९८८ चं गाणं तर सबंध मायक्रोफोनच्या व्यसनावर आहे, माईक हातात आला नाही की अंगाला कसं होतं त्याबद्दल. पण शाहिरांच्या सवाल-जवाबातही विषय पुष्कळदा हाच असतो, आणि ते ऐकताना आपण तक्रार करत नाही.

तो ओरडत का नाही? झोपेत असल्यासारखा वाटतो.

त्याला स्टुडिओतही हेच सांगितलं गेलं होतं. पहिली रेकॉर्ड झाली ती क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत, मार्ली मार्ल या निर्मात्याच्या घरगुती स्टुडिओत. मार्ली मार्ल तेव्हाचा मोठा माणूस. त्याच्याबरोबर एमसी शॅन हा रॅपर होता. दोघांनाही हा नवा पोरगा फार थंड वाटला, जरा जोर लाव म्हणाले. त्या काळी माईक धरायचा म्हणजे गच्चीवरून हाक मारायची, अशीच पद्धत होती. एलएल कूल जे आणि रन-डीएमसी छाती फुटेस्तोवर ओरडायचे, कारण रॅप वाढलं ते मैदानात आणि जिमखान्यात, जिथे स्पीकर फुटके आणि गर्दी मोठी. राकीमने आवाज चढवला नाही. बसल्या बसल्या, बोलल्यासारखं म्हणत राहिला.

त्यामागे कारण होतं. ओरडताना श्वास ओळीच्या शेवटी संपतो, आणि मग यमकही तिथेच पडतं. हळू बोलणाऱ्याच्या छातीत श्वास शिल्लक राहतो, त्यामुळे त्याला ओळ लांबवता येते, मध्येच वळवता येते. म्हणजे त्याचं ते थंड बोलणं आणि ती गुंतागुंतीची यमकं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिली नसती तर दुसरी जमलीच नसती. आज हेडफोनमध्ये कुजबुजल्यासारखं रॅप करणारा प्रत्येक जण या एका हट्टाचा ऋणी आहे.

सॅक्सोफोनचा काय संबंध?

जॉन कोल्ट्रेन, जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक. राकीमने अनेकदा सांगितलंय की कोल्ट्रेनची सॅक्सोफोनवरची सुरावट ऐकून त्याला आपली लय सापडली. ज्या तालात सगळे चालतात त्याच्या वरून, खालून, आडून जाणारी ओळ. लिहिताना तो ठोक्यांच्या मधल्या जागेत जास्तीत जास्त किती शब्द बसतील ते बघायचा. आणखी एकही अक्षर मावणार नाही, तिथवर.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. तबल्यावर लय तीच ठेवून दुगुन, चौगुन करतात ना? ठेका जागचा हलत नाही, त्याच्या पोटातली अक्षरं वाढतात. आणि सम? जुन्या रॅपमध्ये यमक म्हणजे सम होती, सगळे मान डोलावून तिथे येणार. राकीम समेवर येतो, पण दर वेळी येतोच असं नाही. कधी ती तशीच जाऊ देतो आणि अर्ध्या मात्रेने पुढे उतरतो. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्या एका काकांना मी हे ऐकवलं होतं. शब्द एकही कळला नाही त्यांना, पण 'फॉलो द लीडर' चालू असताना त्यांची बोटं मांडीवर सुरू झाली.

एरिक बी. मग काय करायचा?

भांडण लावणारा प्रश्न. एरिक बी. म्हणजे एरिक बॅरियर, क्वीन्सचा डीजे. नाव त्याचं आधी, राकीमचं नंतर, आणि पहिलं गाणंच 'एरिक बी. अध्यक्ष आहे' असं सांगणारं. धंद्याची जाण त्याची. पण बीट कुणी बांधले यावर पुढे बरीच वादावादी झाली. राकीम म्हणतो, पुष्कळसे मी निवडले, मी बांधले. तिसऱ्या अल्बमवर पॉल सी या तरुण ध्वनिमुद्रकाचा मोठा हात होता. १९८९ साली त्याचा खून झाला, आणि उरलेलं काम लार्ज प्रोफेसर या कोवळ्या पोराने पुरं केलं. वेष्टनावर मात्र या दोघांच्या वाट्याला योग्य ते श्रेय आलं नाही. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात वाद्यमेळ बांधणाऱ्या अरेंजर मंडळींची जी गत झाली तीच.

एक गोष्ट नक्की : 'आय नो यू गॉट सोल' या गाण्यात त्यांनी सोल-फंक संगीताचा बादशहा जेम्स ब्राउन याच्या गोटातल्या बॉबी बर्डचं १९७१ चं त्याच नावाचं गाणं वापरलं, आणि त्यानंतर जेम्स ब्राउनच्या जुन्या रेकॉर्डींतून तुकडे उचलायची लाटच आली.

गाण्यांत सात, एकवीस असे आकडे का येतात?

'माय मेलडी'मध्ये तो म्हणतो की सात एमसी (म्हणजे रॅपर) एका रांगेत उभे करा, स्वतःला कवी समजणारे आणखी सात आणा, मग अजून सात, आणि हे एकवीसच्या एकवीस मी एका दमात खाऊन टाकीन. ऐकायला ती बढाई वाटते, पण सात हा आकडा उगाच आलेला नाही. राकीम शाळेच्या वयातच 'फाइव्ह पर्सेंट नेशन' या पंथात गेला, नावही तिथूनच घेतलं. १९६४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात सुरू झालेला हा पंथ 'नेशन ऑफ इस्लाम'मधून फुटून निघालेला. त्यांच्याकडे प्रत्येक अंकाला अर्थ असतो, आणि सात म्हणजे ईश्वर.

या पंथाची बोली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर इतकी पसरली की तिचे शब्द हिप-हॉपचेच झाले. त्यातला एक तुम्ही रोज वापरता. सायफर! मुंबई-पुण्यातली पोरं बागेत गोल करून उभी राहतात आणि पाळीपाळीने रॅप करतात, त्याला सायफर म्हणतात. पंथाच्या भाषेत सायफर म्हणजे वर्तुळ, पूर्ण फेरा, शून्य. तो शब्द आला अरबी 'सिफ्र'वरून, आणि अरबांनी 'सिफ्र' वापरला तो आपल्या 'शून्य'चं भाषांतर म्हणून. म्हणजे शून्य बगदादला गेलं, तिथून युरोपात, मग हार्लेमला, आणि आता परत येऊन शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर बसलंय. पोरांना हे सांगितलं की दोन मिनिटं गप्प बसतात, मग पुन्हा बीट लावतात.

राकीम आणि लताबाई एकाच गाण्यात आहेत म्हणतात. खरं का?

अगदी खरं. आणि ही गोष्ट पूर्ण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९८१ साली 'ज्योति' नावाचा हिंदी चित्रपट आला. संगीत बप्पी लाहिरींचं. त्यात लता मंगेशकरांचं एक गाणं होतं, 'थोडा रेशम लगता है'. फार गाजलं नाही. वीस वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये डीजे क्विक हा निर्माता घरी टीव्ही बघत होता, हिंदी सिनेमा लागला होता. त्याने गाणं ऐकलं, व्हीसीआरचं बटण दाबलं आणि टेप करून घेतलं. त्यावर बीट बसवला, ट्रुथ हर्ट्स या गायिकेला गायला लावलं, आणि मधला रॅप दिला राकीमला. तो तेव्हा डॉ. ड्रे या बड्या रॅपर-निर्मात्याच्या आफ्टरमॅथ या रेकॉर्ड कंपनीत होता. गाण्याचं नाव 'अ‍ॅडिक्टिव्ह'. २००२ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. लताबाईंचा आवाज त्यात इथे-तिथे चिकटवलेला नाही, गाण्याचा कणाच तो आहे.

मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होतो. शेजारच्या खोलीतून लताबाई ऐकू आल्या, आणि एका मिनिटाने त्यांच्या मागोमाग तो जाड, सावकाश आवाज. मी दार वाजवून विचारलं, "हे काय लावलंयस?" तो म्हणाला, "लता ना!" मी म्हणालो, "लता नाही रे, राकीम." दोघांचंही बरोबर होतं.

पुढची मजा अशी की त्याच वर्षी आपल्याकडे रीमिक्सची साथ आली आणि याच गाण्याचं 'कलियों का चमन' झालं, मेघना नायडूच्या व्हिडिओसकट. वरातीत, गणपतीत, रिक्षांत, सगळीकडे तेच. म्हणजे जे गाणं आपण आपल्याच घरात विसरलो होतो ते लॉस एंजेलिसला जाऊन आलं तेव्हा आपल्याला त्याची आठवण झाली.

परवानगी मात्र कुणी घेतली नव्हती. सारेगमा या रेकॉर्ड कंपनीने दावा लावला, बप्पीदांनीही लावला. २००३ साली अमेरिकी न्यायालयाने बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय विक्री करायची नाही असा आदेश दिला. आपल्या वर्तमानपत्रांनी इथवरची बातमी विजय म्हणून छापली. शेवट निराळा झाला. संगीत चित्रपट निर्मात्यासाठी करून दिलेलं होतं, तेव्हा हक्क बप्पीदांकडे उरलेच नव्हते असं पुढे निघालं. त्यांचा दावा टिकला नाही, आणि त्यांच्या वकिलाला बसलेला सुमारे अडीच लाख डॉलरचा भुर्दंड २०१० साली अपिलातही कायम राहिला. मानधन घेऊन धून देऊन टाकायची जी पद्धत आपल्या चित्रपटसृष्टीत चालत आली, तिची किंमत अशी सातासमुद्रापार कळली.

'प्रभाव' 'प्रभाव' म्हणता, दाखवा की.

थोडेच दाखवतो, पण पक्के.

एमिनेमचं 'द वे आय अ‍ॅम' ऐका. त्या गाण्याच्या धृपदाची चाल आणि बोलण्याची ढब राकीमच्या 'अ‍ॅज द राइम गोज ऑन'मधल्या एका ओळीवरून घेतलेली आहे, जिथे राकीम आपल्या नावाची अक्षरं सुटी करून म्हणतो, मी तो नसतो तर तसं म्हणालो असतो का? अमेरिकी गायिका आलियाचं २००० सालचं 'ट्राय अगेन' सुरू होतं तेच निर्माता टिंबालँडच्या तोंडच्या राकीमच्या शब्दांनी, फार दिवस झाले, तुला सोडून जायला नको होतं. १९८७ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या 'पंप अप द व्हॉल्यूम' या नाचगाण्याचं नावच राकीमच्या तोंडचा कापून घेतलेला तुकडा आहे. 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडने २००० साली 'मायक्रोफोन फीन्ड' आपल्या पद्धतीने पुन्हा केलं. कोल्डकट या इंग्रज जोडीने 'पेड इन फुल'चं जे रूप केलं त्यात येमेनी ज्यू परंपरेतलं गाणं म्हणणारी ओफ्रा हाझा आहे. शब्द सतराव्या शतकातल्या शालोम शबाझी या कवीचे. यमक्या वामनाच्याच शतकातले.

आणि न्यूयॉर्कचा रॅपर नॅस. त्याने २००४ साली एक सबंध गाणं राकीमच्या चरित्रावर केलं, तारीख-वार सांगत, जवळजवळ पोवाड्यासारखं. नॅस वाढला कुठे? क्वीन्सब्रिजमध्ये. ज्या वसाहतीत राकीमने पहिली रेकॉर्ड केली तिथेच. तेव्हा हा बारा-तेरा वर्षांचा असेल.

मुंबईच्या रॅपशी काही नातं आहे का, की ओढूनताणून?

थेट नातं नाही, पणतू-खापरपणजोबासारखं आहे. मधला दुवा नॅस. २०१९ साली 'गली बॉय' आला, त्याच्या निर्मितीत नॅसचं नाव होतं, आणि 'एनवाय से मुंबई' नावाच्या गाण्यात तो, अंधेरीचा डिवाइन आणि कुर्ल्याचा नेझी एकत्र आले. नॅसच्या 'मास अपील' कंपनीने भारतात शाखा काढली ती डिवाइनला घेऊन. या पोरांपैकी किती जणांनी 'पेड इन फुल' बसून ऐकला असेल ते सोडा. एखादी ढब तीन-चार तोंडांतून फिरून आली की मूळ कुणाची हे कुणी विचारत नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर 'स्वदेसी' या मुंबईच्या टोळीतल्या एमसी मवालीकडे कान द्या. आरेच्या जंगलावरचं 'वारली रिव्होल्ट' हे त्यांचं गाणं तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्या आवाजासह आहे. तिथे मराठी शब्द ठेक्याला चिकटून बसलेले नाहीत, ते ठेक्याच्या पुढे-मागे होतात. मला तिथे उखाणा ऐकू येत नाही. याहून मोठी पावती मी देत नाही.

मग राकीम टुपाक या रॅपरएवढा घराघरांत का नाही पोचला?

काही त्याचा स्वभाव, काही नशीब. जोडी फुटल्यावर करारांच्या कटकटीत वर्षं गेली, एकट्याचा पहिला अल्बम 'द एटीन्थ लेटर' थेट १९९७ ला आला. २००० साली आफ्टरमॅथमध्ये गेला तेव्हा सगळ्यांनी कान टवकारले : डॉ. ड्रेचे बीट आणि राकीमचे शब्द! अल्बमचं नावही ठरलं होतं. तो कधी आलाच नाही. ड्रेला टोळीयुद्धाची, बंदुकीची गाणी हवी होती आणि राकीमला ती लिहायची नव्हती. २००३ ला तो बाहेर पडला. हाती उरलं काय, तर लताबाईंबरोबरचं ते एक गाणं आणि इतर थोडे तुकडे. शिवाय त्याला भांडता येत नाही. वर्तमानपत्रात यायला भांडण लागतं.

शिव्या आहेत का? मुलांसमोर लावावं का?

फार कमी. त्या पिढीतल्या मोठ्या नावांत बहुधा सगळ्यात कमी. शब्दांची इतकी ददात नसली की शिवी लागत नाही, हे माझं म्हणणं भाच्याला पटलेलं नाही.

'पेड इन फुल'च्या मुखपृष्ठावरची ती जॅकेटं खरी गुचीची का?

नाही. हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावर डॅपर डॅन नावाचा शिंपी होता, त्याची करामत. नामांकित कंपन्यांच्या खुणा घेऊन तो त्या कंपन्यांना सुचले नसते असे कपडे शिवायचा. कंपन्यांनी वकील मागे लावले आणि १९९२ मध्ये दुकान बंद पडलं. पंचवीसेक वर्षांनी गुचीनेच त्याची नक्कल केल्याचा आरडाओरडा झाला, आणि मग त्याच्याशी हातमिळवणी केली.

सर्वश्रेष्ठ कोण, राकीम की…?

'द सोर्स' मासिकाने २०१२ साली शब्दकारांच्या यादीत त्याला पहिला नंबर दिला. मी देणार नाही. मला स्वतःला कूल जी रॅपच्या गोष्टी जास्त आवडतात आणि नॅसचं पहिलं पुस्तक, चुकलो, पहिला अल्बम, मी राकीमच्या कुठल्याही अल्बमपेक्षा जास्त वेळा ऐकलाय. पण ज्ञानेश्वरी कुणी आवडीच्या यादीत नंबर देऊन ठेवतं का? तिच्यानंतर लोक ओवी वेगळी लिहायला लागले, एवढं पुरे.

सुरुवात कुठून करू?

'पेड इन फुल' हे शीर्षकगीत. एकच कडवं आहे, एक. पहिल्यांदा अर्थाकडे लक्ष देऊ नका, नुसती लय पकडा. दुसऱ्यांदा गोष्ट ऐका. माणूस मोठा बेत आखत बसलाय, तळहाताला घामाशिवाय काही नाही. खिशात हात घालतो, पैसे संपलेले. आणखी खोल घालतो, तर बोटांना लागतात ती खिशाच्या तळाशी जमलेली सुती बोंदरं. मग आठवतं की आपण आधी काय काय उद्योग करायचो, आणि आता सरळ मार्गाने कमवायचं ठरवलंय. मध्येच त्याला मासळी आठवते, त्याची आवडती, पण पैशांशिवाय ती ताटात येणार नाही. इंग्रजीत मासा, पदार्थ आणि इच्छा या तीन शब्दांचं तिथे जे यमक जुळतं ते ऐकून आमच्या मालवणच्या काकूसुद्धा हसल्या.

त्यानंतर 'माय मेलडी', मग 'फॉलो द लीडर', मग जमलं तर १९९२ च्या 'ज्यूस' चित्रपटातलं 'नो द लेज'. 'अ‍ॅडिक्टिव्ह' शेवटी, आईला जवळ बसवून.

आणि 'पेड इन फुल'चं कडवं संपलं की गाणं बंद करू नका. तिथे एरिक बी. आणि राकीम नुसते गप्पा मारतात. तू तुझ्या मैत्रिणीकडे जा, मी माझ्या, असं एरिक सांगतो, कारण अल्बमला इतका वेळ लागलाय की माझी नक्की चिडलेली असणार.